टाळू भरणाऱ्या माई

उज्जैनला, फ्रीगंजातल्या एका लग्नात बँकेचे मॅनेजर माईंच्या पाया पडायला वाकले. साहेबांच्या डोक्यावर केस नव्हते. माईंनी आशीर्वादाचा हात ठेवला आणि तो जरा मागेपुढे सरकवला, अंधारात दाराची कडी चाचपावी तसा. मग म्हणाल्या, "ही मी भरलेली आहे."

साहेबांच्या मागे त्यांची बायको होती, मुलं होती, हातात आइस्क्रीमच्या बश्या घेतलेले बँकेतले लोक होते. साहेब लाजले. आई सांगते तसं, म्हणाले.

"फार रडायचास," माई म्हणाल्या आणि जेवायला बसल्या.

माई म्हणजे विनोदिनी पोतनीस. माधव नगरात आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. सासरची माणसं शिंद्यांच्या दप्तरात नोकरीला म्हणून इकडे आलेली, पिढ्या झाल्या त्याला. माई मात्र लग्न होऊन धुळ्याहून आल्या. सरकारी प्राथमिक शाळेत गणित आणि हिंदी शिकवलं. त्यांचे यजमान शरच्चंद्र, आमचे काका, रेल्वेच्या मालधक्क्यावर होते. रिटायर झाल्यावर ते ओसरीत खुर्ची टाकून पेपर वाचायचे आणि जे वाचलं त्यापेक्षा माईंवर जास्त बोलायचे.

पण माईंना गाव ओळखायचं ते शाळेमुळे नाही. मराठी घरात बाळंतपण झालं की माईंना निरोप जायचा. सकाळी शाळेच्या आधी त्या येऊन बाळाला न्हाऊ घालायच्या. पैसे घ्यायच्या नाहीत. बारशाला खण-नारळ दिला तर घ्यायच्या. उज्जैनला मालिश करणाऱ्या बायका होत्या, हाताच्या चांगल्या होत्या. पण त्या अंगाला सरसोंचं, म्हणजे मोहरीचं, तेल लावायच्या आणि टाळूचं वेगळं काही करायच्या नाहीत. आमच्याकडच्या सासवांना ते चालायचं नाही. नवी नवी आलेली धुळ्याची सून स्वतःच्या मुलाची टाळू कशी भरते, ते शेजारणीने एकदा बघितलं. दुसऱ्या दिवशी तिने आपला नातू माईंच्या मांडीवर आणून ठेवला. तिथून ते सुरू झालं.

मी त्यांची मैत्रीण झाले सत्त्याण्णव साली. माझी बहीण उषाताई बाळंतपणाला आली होती. मी साहित्य घेऊन एम.ए. झाले होते आणि घरी बसून होते. नोकरीचे अर्ज टाकायचे आणि पोस्टमनची वाट बघायची, एवढाच उद्योग. माई रोज सकाळी यायच्या. मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून बघायची.

त्या पाटावर पाय लांब करून बसत. बाळ नडग्यांवर पालथं घालत. अंगाला तेल, मग डाळीचं पीठ आणि साय, मग पाणी. बाळ ओरडून घर डोक्यावर घ्यायचं आणि माई त्याच्याशी शाळेतल्या आवाजात बोलायच्या. अंग पुसून, ओव्याची धुरी देऊन त्याला भैरवगढच्या जुन्या छापील चादरीच्या दुपट्यात गुंडाळत. धुऊन धुऊन त्या चादरीवरची वेलबुट्टी नुसती सावलीएवढी उरलेली असे.

टाळू सगळ्यात शेवटी. तळहाताच्या खळग्यात कोमट खोबरेल घ्यायचं आणि हात डोक्याच्या मधोमध, जिथे हाड अजून जुळलेलं नसतं तिथे ठेवायचा. चोळायचं नाही. दाबायचं नाही. तेल जिरेपर्यंत हात नुसता ठेवायचा. तेवढा वेळ माईंशी कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. बाळही तेव्हा गप्प होई.

एकदा त्यांनी माझा हात धरून तिथे ठेवला. हाताखाली काहीतरी धडधडत होतं. मी हात काढून घेतला.

"घाबरलीस?" माई म्हणाल्या. "उडून राहिली आहे. चांगलं असतं ते."

टाळूची सगळी क्रियापदं मी माईंकडून शिकले. टाळू उडते, तेव्हा बाळ बरं असतं. टाळू बसते, तेव्हा बाळाच्या पोटात पुरेसं दूध जात नसतं. टाळू येते, म्हणजे तापात वर फुगते, तेव्हा डॉक्टरकडे धावायचं, तेल घालत बसायचं नाही. टाळू भरते. आणि मग एक दिवस टाळू बुजते, त्यानंतर ते डोकं आपलं राहत नाही, असं त्या म्हणायच्या. नुसत्या माणसाचं होतं.

मोठ्या माणसांनाही त्या हाच शब्द लावत. काका घराची किल्ली आत ठेवून दार ओढून घेत, तेव्हा माई पायरीवर बसून म्हणायच्या, यांची टाळू भरायची राहून गेली. काका म्हणायचे, आमच्या आईला आठ पोरं होती, एका टाळूपाशी किती वेळ बसणार ती. या शब्दाचा एक वाईट वापर आहे, लोण्याचा. तो माईंच्या तोंडी कधी आला नाही. एकदा आमच्याकडे कुणी एका ठेकेदाराबद्दल तसं बोललं, तर माई चहा अर्धा ठेवून उठल्या आणि घरी गेल्या.

मी त्यांना तालव्य वर्ण सांगितले. च, छ, ज, झ. जीभ टाळूला लागते, म्हणून तालव्य. माईंनी दोन-तीनदा च-च करून बघितलं.

"तोंडातली पण टाळू आणि डोक्यावरची पण टाळू?"

हो म्हटलं, शब्द एकच.

"ठीकच आहे," माई म्हणाल्या. "मध्ये आपणच तर असतो."

उषाताई बाळ घेऊन सासरी गेली तरी मी माईंकडे जात राहिले. आम्ही दोघी संध्याकाळी घड्याळाच्या टॉवरपर्यंत चालत जायचो. फ्रीगंज तेव्हा महिन्या-महिन्याला बदलत होतं. जिथे शिवणाची मशीन दुरुस्त करायचे तिथे एस.टी.डी.चं बूथ आलं. घरांच्या छपरांवरून केबलच्या काळ्या तारा गेल्या. औषधाच्या दुकानांत बेबी ऑइलच्या पारदर्शक बाटल्या ओळीने लागल्या आणि त्यांवर गोरी बाळं हसायची. माई बाटली उचलून उजेडात धरायच्या, परत ठेवायच्या. वास नाही, म्हणायच्या. तेलाला वास नाही तर बाळाला आपण घरी आहोत हे कळणार कसं?

निरोप कमी येत होते. मुली बाळंतपणाला उज्जैनला यायच्या बंद झाल्या होत्या. त्या पुण्याला, बंगलोरला होत्या, तिथेच नर्सिंग होममध्ये बाळंत व्हायच्या आणि फोटो यायचे. माईंचा स्वतःचा मुलगा अपूर्व कॉम्प्युटरमध्ये होता. तोही सत्त्याण्णवलाच अमेरिकेला गेला, न्यू जर्सीला. वर्षभराने तिथे त्याला मुलगा झाला. नाव चिन्मय ठेवलं. सून अश्विनी इंदूरची. तिची आई बाळंतपणाला तिकडे गेली. माईंना त्याचं वाईट वाटलं नाही. पहिलं बाळंतपण आईनेच करायचं, म्हणाल्या. इथे लेक आईकडे येते, तिथे आई लेकीकडे गेली, एवढंच.

रविवारी सकाळी अपूर्वचा फोन यायचा. माई पहिलं वाक्य हेच विचारायच्या, टाळूला तेल घालता ना? पहिल्या दोन-तीन फोनांत अपूर्वने दुसरंच काही सांगितलं. शेवटी अश्विनीने फोन घेतला आणि मऊ आवाजात म्हणाली, आई, इथले डॉक्टर घालू नका म्हणतात. डोक्याला काहीही लावायचं नाही. आपल्याकडचेही आता तेच म्हणतात, विचारा तुम्ही कुणाला.

माई चिडतील असं मला वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत, घाबरल्या. त्यांचा खरोखरच विश्वास होता की टाळू तेलाने भरते. तेल नाही घातलं तर डोकं कच्चं राहतं, झोप लागत नाही, नजर कमी होते, पुढे लक्षात काही राहत नाही. मी त्यांना म्हटलं, माई, तिकडची सगळी मुलं बिनतेलाचीच मोठी होतात.

"होत असतील," त्या म्हणाल्या. "मी तर टाळू भरली आणि तरी ती भरली नाही, असं एक डोकं बघितलं नाही."

आता लिहिताना त्या वाक्यात काय होतं ते कळतं. न भरलेलं डोकं त्यांनी कधी हातात घेतलंच नव्हतं. तेव्हा ते मला सुचलं नाही, त्यांनाही नाही.

मग त्यांनी एक गोष्ट सुरू केली. त्यांच्या देवघरात पितळेचा रांगता बाळकृष्ण होता, हातात लोण्याचा गोळा घेतलेला. पूजा झाली की माई करंगळीने त्याच्या डोक्यावर तेलाचा एक थेंब ठेवायच्या आणि बोट तसंच धरून बसायच्या. चिन्मयच्या नावाने. बाळकृष्ण तेलकट झाला. त्याच्या डोक्यावर धूळ चिकटू लागली. माई ती चिंचेने घासून काढायच्या आणि परत तेल घालायच्या.

"देवाला सर्दी होईल," काका पेपराआडून म्हणायचे.

"तुम्हाला काय करायचं आहे?"

"मला काही नाही. तो लोणी टाकून पळून गेला तर मला शोधायला पाठवू नका."

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात अपूर्व येणार होता. टाळू बुजायच्या आत या, एवढंच माईंचं म्हणणं. मे महिन्यासाठी त्यांनी खोबरं किसून, आटवून, घरी तेल काढलं. सगळी गल्ली त्या वासाने भरली. भैरवगढहून नवी चादर आणून ती मऊ व्हावी म्हणून रोज धुवायला काढली. धुणंवाली म्हणाली, माई, फट जायेगी.

एप्रिलमध्ये फोन आला. रजा मिळत नाही. दोन हजार साल येणार होतं आणि जगातल्या कॉम्प्युटरांना ते साल कळणार नव्हतं. ते त्यांना शिकवेपर्यंत कंपनीने सगळ्यांच्या रजा रद्द केल्या होत्या. माईंना मी तीन वेळा समजावून सांगितलं. काकांना एकदाच पुरलं.

"म्हणजे कॉम्प्युटरची टाळू भरायची राहिली आहे," ते म्हणाले. त्या दिवशी माई त्यांच्यावरही हसल्या नाहीत. संध्याकाळी टॉवरपर्यंत जाताना त्या मध्येच थांबल्या आणि मला विचारलं, टाळू साधारण कधी बुजते तुला माहीत आहे का? मी नाही म्हटलं. त्यांना माहीत होतं. कुणीतरी वेगळं सांगावं, म्हणून विचारत होत्या.

दोन हजार साल आलं. कॉम्प्युटरांना कळलं. फेब्रुवारीत अपूर्व, अश्विनी आणि चिन्मय मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेसने आले. चिन्मय चालत होता. निळ्या टोपीतला गोबरा मुलगा, माईंकडे बघून त्याने भोकाड पसरलं. माईंनी हात मागे घेतला. घाई नाही, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा मागच्या अंगणात उन्हात सतरंजी टाकली होती. प्रवासाने दमलेला चिन्मय माईंच्या मांडीवर झोपला होता. अश्विनी संत्रं सोलत होती. तेलाची वाटी माईंच्या बाजूला होती, ताटलीने झाकलेली. मी पायरीवर बसले.

माईंनी त्याची टोपी काढली. तळहात डोक्याच्या मधोमध ठेवला. हात थांबला. मग जरा पुढे गेला. मग मागे. डोळे मिटून त्यांनी बोटांनी परत तेच केलं.

"नाही आहे," त्या म्हणाल्या.

अश्विनीच्या हातातलं संत्रं खाली पडलं. "काय नाही, आई?"

"टाळू. बुजली."

अश्विनीने श्वास सोडला आणि हसली. तिच्या हसण्यात जिंकल्याचं काही नव्हतं, हे मी सांगते. ती म्हणाली, डॉक्टरही गेल्या महिन्यात तेच म्हणाले, एकदम व्यवस्थित भरली आहे.

"आणि तेल?"

"एक थेंबसुद्धा नाही घातलं, आई. खरंच."

माईंनी हात उचलला नाही. त्या त्याचं डोकं चाचपत राहिल्या, कपाळापासून मानेपर्यंत. गोल होतं, घट्ट होतं. मग त्यांनी टोपी परत घातली आणि म्हणाल्या, छान आहे. माझ्या अपूर्वपेक्षा छान आहे. तेलाची वाटी त्यांनी स्वतः उचलून आत नेली.

पुढचे दिवस त्या आनंदात होत्या, आणि तो आनंद खोटा नव्हता. चिन्मयला कडेवर घेऊन त्यांनी सगळं माधव नगर दाखवलं. पोहे-जिलबी खाऊ घातली आणि सुनेची बोलणी ऐकली. चिन्मयची पहिल्या दिवसाची भीती राहिली नव्हती, नजर चांगली होती, झोप चांगली होती. ज्यासाठी वर्षभर जीव टांगणीला लागला होता ते सगळं ठीक होतं. मार्चच्या सुरुवातीला ते परत गेले.

मग माईंनी न्हाऊ घालणं सोडलं.

सांगताना गुडघे सांगितले. पाटावर बसवत नाही म्हणाल्या. महिन्याभरात दोन निरोप आले, दोन्ही त्यांनी परत पाठवले. बाळकृष्णाचं डोकं कोरडं आणि लखलखीत झालं. काका बोलायचे कमी झाले, ते मला जास्त जाणवलं.

एका दुपारी आम्ही दोघी ओट्यापाशी चहा पीत होतो. बाहेर कुल्फीवाल्याची घंटी गेली. माईंनी मध्येच विचारलं,

"मृणाल, मग इतकी वर्षं मी काय करून राहिली होती गं?"

मी साहित्याची एम.ए. भाषेचा पेपर मला सगळ्यात चांगला गेला होता. माझ्याकडे त्यांना द्यायला एक शब्द नव्हता. त्या कपाकडे बघत होत्या. रागाने विचारलं असतं तर मला काही बोलता आलं असतं. शाळेतली मुलगी गणित चुकल्यावर विचारते तसं त्यांनी विचारलं होतं, कुठे चुकलं ते दाखवा म्हणून. चहावर साय धरली. मी तो तसाच प्यायले आणि घरी आले.

मेमध्ये समोरच्या दुर्गा भाभींची सून बाळंत झाली. भाभी मालव्यातल्याच, हिंदी बोलणाऱ्या. त्यांच्याकडचं न्हाऊ माईंनी कधी घातलं नव्हतं. भाभी एके सकाळी फाटक ढकलून सरळ आत आल्या. मी तिथेच होते. चलो माई, म्हणाल्या, पाणी ठेवलं आहे.

माईंनी गुडघे सांगितले. भाभी म्हणाल्या, कल तो सब्ज़ीमंडी में आप मुझसे आगे चल रही थीं.

तेव्हा माईंनी खरं सांगितलं. माझ्यासमोर त्या पहिल्यांदाच ते इतकं सरळ बोलल्या. तेल घाला, न घाला, टाळू आपोआप भरते. डॉक्टर बरोबर सांगतात. माझ्या नातवाची आपोआप भरली. मी येऊन काही उपयोग नाही.

दुर्गा भाभींनी कमरेवर हात ठेवले.

"तो तेल के लिए कौन बुला रहा है आपको? तेल तो मैं भी डाल लूँ. बहू पाँच दिन से सोई नहीं है. किसी के हाथ में बच्चा छोड़ती ही नहीं, मेरे भी नहीं. सारा मोहल्ला कहता है, माई हाथ रखती हैं तो माँ सो जाती है. सुलाना है तो चलो, नहीं तो मना कर दो, मैं पानी उतार लूँ."

काकांनी पेपर खाली केला.

"जा," ते म्हणाले. एरवी ते एका शब्दावर थांबत नसत.

आम्ही रस्ता ओलांडून गेलो. माईंनी बरोबर काही घेतलं नव्हतं. सून पलंगावर बाळाला छातीशी धरून बसली होती, डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. वीस-एकवीस वर्षांची असेल. माईंनी बाळ मागितलं नाही. त्या खाली जमिनीवर पाय लांब करून बसल्या, पदर खोचला आणि नडग्यांवर हात आपटून म्हणाल्या, "इधर दे. तू देखती रह वहीं से."

सुनेने भाभींकडे बघितलं. मग बाळ दिलं.

बाळ ओरडलं. अंग चोळून झालं, आंघोळ झाली. मोरी नव्हती, परातीत झाली. माईंनी त्याला गुंडाळलं आणि रिकामा, कोरडा तळहात टाळूवर ठेवला. बाळ गप्प झालं. माईंनी डोळे मिटले. मी पलंगाकडे बघितलं. सून बसल्या जागी भिंतीला टेकून झोपली होती, तोंड उघडं, एक हात पलंगाखाली लोंबत होता. भाभींनी तो हात उचलून वर ठेवला, तरी ती जागी झाली नाही.

बऱ्याच वेळाने माईंनी हलक्या आवाजात तेल मागितलं.

मला बोलायचं नव्हतं, तरी मी कुजबुजले. "माई, आपोआप भरते ना?"

"भरू दे की," माई म्हणाल्या. "म्हणून काय कोरडी ठेवायची?"

भाभींनी कटोरी आणली. माईंनी वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "सरसों का? तालू पर?" त्यांनी कटोरी दूर सरकवली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जा गं, आमच्याकडून खोबरेल आण. आणि यांना सांग, जेवणाला उशीर होईल."